आदेशात्मक नियोजन आणि सूचक नियोजन : मोटारीच्या दर्जावर कशाचा काय परिणाम होतो?

सरकारने अर्थव्यवस्थेचे नियोजन हाती घेतले की मोटारींचा दर्जा घसरतो, असे सरसकट म्हटले जाते. या विधानात आदेशात्मक नियोजन आणि सूचक नियोजन यांची गल्लत होते. पहिल्या प्रकारात कोणत्या कारखान्याने काय, किती आणि कोणत्या कच्च्या मालातून बनवायचे हे सरकारी योजनाच ठरवते. दुसऱ्यात सरकार आयातशुल्क, परकीय चलन आणि कर्जपुरवठा यांच्या आधारे उद्योगाला दिशा देते; गाडी विकली न जाण्याची जोखीम मात्र कंपनीवरच राहते. माझ्या मते दर्जाचा सारा प्रश्न या जोखमीपाशी येऊन थांबतो.

पूर्व जर्मनीत बनणारी त्राबांट ही मोटार आदेशात्मक नियोजनाचे ठळक उदाहरण आहे. पोलादी पत्र्याची टंचाई असल्यामुळे तिचे बाह्यांग कापसाचे टाकाऊ तंतू आणि राळ यांपासून बनवलेल्या ड्युरोप्लास्टचे होते. हा उपाय खरोखर कल्पक होता, म्हणून तेथील अभियंत्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी पुढच्या गाडीचे नमुनेही तयार केले होते. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजकीय नेतृत्वाने ते काम थांबवले आणि १९६४ चे ६०१ हे मॉडेल किरकोळ फेरफारांसह १९९० पर्यंत बनत राहिले. पेट्रोलची टाकी इंजिनाशेजारी बॉनेटखाली होती आणि बहुतेक गाड्यांत पेट्रोल किती उरले हे दाखवणारा काटा नसल्याने टाकीत पट्टी बुडवून पाहावे लागे. तरीही गाडीसाठी दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागे आणि जुनी गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. ग्राहक नकार देऊच शकत नव्हता. कारखान्याचे मूल्यमापन प्रामुख्याने गाड्यांच्या संख्येवर होत असल्याने, दोष दुरुस्त करण्यासाठी काम थांबवणे म्हणजे उद्दिष्ट चुकवणे ठरे.

सूचक नियोजनाचे उदाहरण म्हणजे जपान. तिथेही सरकार दूर नव्हते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या मिटी या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाच्या धोरणाने देशी मोटार उद्योगाला परदेशी गाड्यांपासून कडक संरक्षण दिले. याच मंत्रालयाला मोटार कंपन्यांची संख्या मर्यादित ठेवायची होती, पण त्यासाठी पुढे आणलेले विधेयक १९६३ मध्ये संमत झाले नाही आणि त्याच वर्षी होंडा चारचाकींच्या बाजारात उतरली. सरकारची ही इच्छा अपुरी राहिली, हे दर्जाच्या दृष्टीने हिताचेच झाले, कारण संरक्षणाच्या कुंपणाआड टोयोटा, निस्सान, होंडा, माझदा यांची आपसांत कडवी स्पर्धा चालू राहिली. १९६५ मध्ये प्रवासी मोटारींची आयात खुली होऊ लागली. त्याच वर्षी टोयोटाला गुणवत्ता नियंत्रणासाठीचे डेमिंग पारितोषिक मिळाले. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढून जुळणीची साखळी थांबवू शकतो. त्राबांटच्या कारखान्यात असा थांबा उद्दिष्टाच्या आड आला असता.

केवळ खासगी मालकीने हा फरक पडत नाही. भारतात हिंदुस्थान मोटर्स खासगी होती. पण परवाना पद्धतीत उत्पादनक्षमता सरकार ठरवी आणि आयात जवळजवळ बंद होती, त्यामुळे तिथेही ग्राहक रांगेतच उभा राहिला. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली अॅम्बॅसडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि मूळ बांधणी फारशी न बदलता २०१४ पर्यंत बनत राहिली.