डोक्याला मार: सीटी काढायची की रक्त तपासायचं?

रावेरकडे केळीचे घड भरताना शेजारचा बावीस वर्षांचा पोरगा ट्रॉलीवरून डोक्यावर आपटला. लिंबाएवढं टेंगूळ आलं, पडल्यानंतरची दोन-चार मिनिटं त्याला आठवेनात. डॉक्टरांनी सीटी (सीटी स्कॅन) लिहून दिली तर आजी म्हणाली, "रगत तपासी ल्या ना, सिटी कशाले?" मेंदूचा मार आता रक्तावरून कळतो, असं तिने मोबाइलवर ऐकलं होतं. ऐकलं ते खोटं नव्हतं. एकीच्या जागी दुसरी चालते असं तिला वाटलं, गफलत तिथे झाली.

सीटी म्हणजे चित्र. कवटीच्या आत रक्तस्राव आहे का, कुठे, किती, मेंदू एका बाजूला सरकलाय का, हे त्यात दिसतं. ऑपरेशन करायचं तर सर्जनला तेच लागतं. रक्ततपासणीत नुसते आकडे. मेंदूच्या पेशी दुखावल्या की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. पहिलं आधारपेशींचं, दुसरं चेतापेशींचं. जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेल्या रक्तात ती मोजली, तरी रक्ताची गाठ डावीकडे की उजवीकडे हे सांगता येत नाही. 'सीटीत काही सापडेल असं वाटतं का?' एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ही तपासणी देते.

तेही एकाच बाजूने भरवशाचं. अमेरिकेत २०१८ साली पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली ती ज्या अभ्यासावर, त्यात १२० जणांच्या सीटीत दोष दिसला होता. त्यातल्या ११७ जणांची रक्तचाचणी पॉझिटिव्ह होती. मात्र ज्यांची सीटी साफ, त्यांच्यातही जवळपास दोन-तृतीयांश लोकांची पॉझिटिव्हच आली! म्हणजे निगेटिव्ह आली तर डॉक्टर सीटी टाळायचा विचार करू शकतात. पॉझिटिव्ह आली म्हणजे डोक्यात रक्त साकळलंच, असं नाही. सीटी काढा, एवढंच.

वेळेचंही बंधन आहे. त्या पहिल्या चाचणीला मार लागल्यापासून १२ तासांची मुदत होती. २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या, हातात मावणाऱ्या यंत्राला २४ तास, आणि निकाल साधारण १५ मिनिटांत. ही तपासणीही अठरा वर्षांवरच्या, शुद्धीत असलेल्या माणसासाठीच. उलट्या थांबत नाहीत, झापड येतेय, एक हात लुळा पडलाय, तर रक्ताची वाट बघत बसायचं नाही, गाडी काढायची. माझ्या मते या यंत्राचा खरा उपयोग जळगावात नाही, धडगावसारख्या ठिकाणी आहे, जिथून सीटीसाठी घाट उतरावा लागतो. आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात मात्र मी ते अजून पाहिलेलं नाही.

पोराची सीटी साफ आली. तरी आठ दिवस डोकं ठणकत होतं, मोबाइलचा उजेड सोसत नव्हता. आजीने पुन्हा विचारलं, "सिटी साफ, मंग डोकं का बरं दुखस?" हा प्रश्न मात्र रास्त होता. मेंदूला नुसता हादरा बसला असेल तर सीटीत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.