‘१२५ टाकू की डीव्ही?’ मुलांच्या खर्चासाठीचे दोन अर्ज

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर वकिलांच्या टेबलांपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतोच: ‘काय टाकलंय, १२५ की डीव्ही?’ माझी धाकटी बहीण नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलाला घेऊन ऐरोलीला आईकडे आली, तेव्हा तिचं मागणं साधं होतं. मुलाच्या शाळेचे नि औषधाचे पैसे बापाने द्यावेत. एका वकिलाने डीव्ही सुचवली, शेजारच्या काकूंनी १२५. आम्ही दोन आठवडे दोन्ही एकच समजत होतो.

१२५ हे जुनं नाव, फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलमाचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच कलम आता १४४ आहे, पण बोलताना सगळे अजून १२५च म्हणतात. इथे कोर्ट मुख्यतः एवढंच बघतं: माणसाची ऐपत आहे का, आणि असूनही तो बायकोमुलांना सांभाळत नाही का. मारहाण झाली की नाही, हा मुद्दाच नाही. मुलाचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी असतो. मात्र साधारणपणे तो अठराव्या वर्षापर्यंतच. अपंगत्वामुळे किंवा मानसिक आजारामुळे मूल स्वतःला पोसू शकत नसेल तर पुढेही मिळतो. अठरा पूर्ण झालेल्या अविवाहित हिंदू मुलीसाठी १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचा वेगळा रस्ता आहे.

डीव्ही म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. नाव ऐकून निम्म्या बायका मागे सरतात, ‘त्याने हात कधी उचलला नाही हो’ म्हणतात. पण घरखर्चाचे, मुलांचे पैसे अडवून धरणं हाही या कायद्यात आर्थिक छळच. दाद फक्त बाईच मागू शकते, आणि एकाच अर्जात मुलांचा खर्च, राहतं घर, संरक्षण नि मुलांचा तात्पुरता ताबा असं सगळं मागता येतं. मदतीला संरक्षण अधिकारी असतो.

माझं मत विचाराल तर भांडण फक्त पैशाचं असेल तेव्हा १४४ सुटसुटीत. डोक्यावरच्या छपराचा, भीतीचा किंवा ‘मुलाला घेऊन जाईन’ या धमकीचा प्रश्न असेल तर डीव्हीच. दोन्ही टाकता येतात, पण पैसे दोनदा मिळत नाहीत. एका कोर्टाचा आदेश दुसऱ्याला सांगावा लागतो आणि तिथे ती रक्कम हिशेबात धरली जाते.

कोर्टही वेगळं. डीव्हीचा अर्ज जातो न्यायदंडाधिकाऱ्याकडे, आणि बाई तात्पुरती माहेरी राहत असली तरी तिथल्या हद्दीत चालतो. १४४ चा अर्ज जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्याच्याकडे जातो. ठाण्यात ते आहे. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ आहे म्हणून ठाण्याला धावत सुटू नका.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईलाही. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या. बहिणीने कागदावर लिहून नेलं होतं: महिना पंधरा हजार. त्या म्हणाल्या, ‘आकडा नको, हिशेब आणा. आणि मुलाचा कॉलम वेगळा, तुमचा वेगळा.’ त्या रात्री जेवणाच्या टेबलावर पावत्यांचा ढीग पडला. शाळेची फी, व्हॅनवाल्या काकांना दिलेल्या पैशांचे फोनमधले स्क्रीनशॉट, इनहेलर, ट्यूशन, दर जूनला नवा रेनकोट. बेरीज साडेअठरा हजारांवर गेली. आई नुसती बघत राहिली.

हा हिशेब दोन्ही अर्जांत लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात दोन्ही बाजूंना मिळकत, खर्च नि कर्जांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. त्याच निकालाप्रमाणे खर्च अर्जाच्या तारखेपासून मिळतो. म्हणजे ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणत घालवलेले महिने हातचे गेले. अंतरिम खर्चाचा अर्ज शक्यतो नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असं १४४ मध्येच लिहिलंय; तरी तारखा पडतात, त्या धरून चला.

खरा फरक पैसे थकल्यावर कळतो. १४४ मध्ये वसुलीचं वॉरंट निघतं. तरीही दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत दीड वर्ष थांबलात तर वॉरंटच्या रस्त्याने जुने महिने सुटतात. डीव्हीमध्ये नवऱ्याने रक्कम भरली नाही तर न्यायदंडाधिकारी थेट त्याच्या कंपनीला पगारातून कापून द्यायला सांगू शकतात. नवरा पगारदार असेल तर हे कैदेपेक्षा कामाचं; आत गेलेला माणूस कमावणार कुठून? धंदा रोखीचा असेल तर मात्र याचा उपयोग नाही.

बहिणीने शेवटी १४४ टाकला. भेटीगाठींवरून कुरबूर चालू असते, ‘भेटू देत नाहीस तर पैसे नाहीत’ असा मेसेजही येऊन गेला. वकीलबाई म्हणाल्या, भेट वेगळी, खर्च वेगळा, मेसेज जपून ठेवा. आता तिच्या फोनवर दर महिन्याच्या आठ तारखेला रिमाइंडर वाजतं, ‘बँक बघ’. जूनमध्ये तीन हजार कमी आले होते, ते तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलेत.