घरगुती इलेक्ट्रिक स्केटबोर्ड : वेगाआधी ब्रेकचे गणित

घरी इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो आणि त्याचे उत्तर कागदावर सहज काढता येते. ब्रशलेस मोटरच्या ‘केव्ही’ या आकड्यावरून, भार नसताना दर व्होल्टमागे ती मिनिटाला किती फेरे घेईल, हे कळते. मोटर १९० केव्हीची, बॅटरी ३६ व्होल्टची, मोटरच्या पुलीला १५ आणि चाकाच्या पुलीला ३६ दाते आणि चाकाचा व्यास ९० मिलिमीटर असेल, तर वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर येतो. वाऱ्याचा रोध आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो थांबण्याच्या अंतराचा आकडा.

अशा बोर्डला सहसा वेगळा ब्रेक नसतो. थांबवण्याचे कामही मोटरच करते. मोटरचा प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट, म्हणजे कंट्रोलर, तिला जनित्राप्रमाणे चालवतो आणि गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन बॅटरीत परततो. वरील मोटर दर अँपिअरमागे सुमारे ०.०५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. ब्रेकसाठी मोटरमधील प्रवाहाची मर्यादा ४० अँपिअर ठेवली, तर चाकापाशी ४.८ न्यूटन-मीटर टॉर्क आणि रस्त्यावर साधारण १०७ न्यूटन बल मिळते. स्वार आणि बोर्ड मिळून ८० किलो धरले, तर ताशी २५ किलोमीटरवरून थांबायला १८ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट, म्हणजे ७२ मीटर होते. प्रवाह वाढवून ते कमी करता येते, पण स्वाराचे पाय फळीला बांधलेले नसल्याने ब्रेकचा जोर हळूहळू चढत जाईल अशीच कंट्रोलरची मांडणी हवी.

बॅटरीत १० लिथियम-आयन सेल एकसर जोडले, की पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट मिळतात. सेल जोडण्यासाठी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावावी, कारण सोल्डरिंगची उष्णता सेलला आतून इजा करू शकते. खरी मेख पुढे आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीसह निघताच उतार लागला, तर ब्रेकमधून परतणाऱ्या विजेने व्होल्टेज आणखी चढते, आणि अशा वेळी बॅटरीचे संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, जोडणी तोडू शकते. सर्किटच्या दृष्टीने ते योग्यच असते. स्वाराचा ब्रेक मात्र ऐन उतारावर नाहीसा होतो. उतारावरून सुरुवात करायची असल्यास सेल ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टपर्यंतच चार्ज करावेत; त्याने सेलचे आयुष्यही वाढते.

मोटरची आणि चाकाची पुली जोडणारा पट्टा तुटला किंवा दात्यांवरून घसरला तरी ब्रेक जातोच. म्हणून एका मोठ्या मोटरऐवजी दोन मोटरी, प्रत्येकीला स्वतंत्र पट्टा आणि स्वतंत्र कंट्रोलर, ही रचना वजन वाढले तरी मला अधिक पटते.