दुर्गम ओढ्यावर ब्राउन ट्राउट: निघण्यापूर्वी वाचावे असे काही

ब्राउन ट्राउट या माशाच्या मासेमारीला आमच्यासोबत यायचे ठरवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगतो. दिवसातला बहुतेक वेळ चालण्यात आणि पाण्याकडे टक लावून बघण्यात जाईल. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, पाण्यावर पडेल ती मोजक्याच वेळा.

जिथे माणूस फारसा फिरकत नाही तिथला मासा भोळा असणार, असे अनेकांना वाटते. तसे नसते. पाणी नितळ, डोह लहान आणि ब्राउन ट्राउट जात्याच सावध. एकदा बुजला की खडकाखाली शिरतो आणि बराच वेळ तोंड दाखवत नाही. त्यामुळे पहिला कास्ट, म्हणजे फ्लायची पहिली फेक, हाच खरा कास्ट. आमच्या बहुतेक सूचना त्या एका कास्टसाठीच आहेत.

आधी मासा दिसला पाहिजे

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, कारण खाणे वरून वाहत येते. म्हणून आपण खालच्या अंगाने वर सरकतो. पाण्याखालून वर बघताना त्याला बाहेरचे जग सुमारे 97 अंशांच्या गोल खिडकीतून दिसते. पाण्यालगतचे सगळे त्या खिडकीच्या कडेला चेपून जाते. वाकून, प्रसंगी गुडघ्यांवर पुढे सरकायला सांगतो ते यासाठी. त्याच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली कंपने कळतात, तेव्हा पायाखालचा गोटा घसरू देऊ नका. कपडे मातकट रंगाचे हवेत आणि पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा हवाच.

अख्खा मासा शोधू नका, तो सापडत नाही. तळावरची हलती सावली शोधा. एखादा लांबट गोटा किंचित डुलतोय असे वाटले तर तिथेच थांबा. खाणे टिपताना तोंड उघडते आणि क्षणभर आतला पांढरा रंग चमकतो. तो एकदा ओळखू आला की पुढच्या डोहात नजर आपोआप तेच शोधू लागते. आम्हाला हे शिकवायला सगळ्यात जास्त आवडते.

मग फ्लाय

9 फुटी, 5 नंबरचा (हा नंबर लाइनच्या, म्हणजे गळाच्या जाड दोरीच्या, वजनाचा) रॉड आणि 10 ते 12 फुटांचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा, बहुतेक ठिकाणी पुरतो. लांब कास्ट लागत नाही, फ्लाय मोकळी वाहावी लागते. मधल्या वेगवान धारेने लाइन ओढली की फ्लाय पाण्यावर फरफटते, आणि असा किडा माशाने कधी पाहिलेला नसतो. शेजारून वाहणारे फेसाचे बुडबुडे बघा. फ्लाय त्यांच्याच चालीने जायला हवी.

मासा वर येऊन फ्लाय घेतो तेव्हा हात लगेच वर जातो. तो आवरा. तोंड मिटून तो खाली वळेपर्यंत दम धरा, मग रॉड उचला. घाईत फ्लाय त्याच्या तोंडातूनच निसटते.

मासा परत सोडताना

आपण फक्त उलटा काटा नसलेले गळ वापरतो. आधी हात ओले करा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगांपासून रक्षण करतो. मासा जाळीत, पाण्यातच ठेवायचा. फोटोसाठी उचललात तर काही क्षणच. मग तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार द्या, शेपटीचा फटका मारून तो आपला आपण जाईल.

पाण्याचे तापमान आम्ही दिवसातून अनेकदा मोजतो. ते 20 अंश सेल्सियसला टेकले की मासेमारी थांबते, मग दुपार कितीही सुंदर असो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी पुढे मरू शकतो. थांबावे लागले की वाईट वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही यात सूट नाही.

शरद ऋतूच्या अखेरीस मादी शेपटीने वाळूगोटे उकरून अंडी घालते. तळावर उजळ, धुतल्यासारखा पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नका.

बुटांविषयी

न्यूझीलंडमध्ये 2004 साली डिडिमो हे सूक्ष्म शैवाल नद्यांमध्ये आढळले. ओल्या साहित्यातला एखादा थेंबही ते दुसऱ्या ओढ्यात नेऊ शकतो. फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या दाट कापडाच्या, तळव्यात ओल टिकते, म्हणून तिथे 2008 पासून तसे बूट वापरायला बंदी आहे. आम्हीही ते चालवून घेत नाही. रबरी तळव्याचे बूट आणि वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) घासून, पूर्ण वाळवून आणा. वाळवायला वेळ नसेल तर पायाचे माप आधी कळवा, आमच्याकडचा कोरडा जोड काढून ठेवू.