सामुद्रधुनीतला प्रवाह: वेग वेगळा, अदलाबदल वेगळी

पाणी जोरात वाहतंय म्हणजे खूप पाणी इकडचं तिकडे गेलं, असं आपण धरून चालतो. वेग म्हणजे एका जागी पाणी सेकंदाला किती सरकतं ते. अदलाबदल म्हणजे सामुद्रधुनीच्या तळापासून माथ्यापर्यंत, या काठापासून त्या काठापर्यंत मिळून एका समुद्राचं किती पाणी गेलं आणि दुसऱ्याचं किती आलं ते. खाडीच्या तोंडाशी भरती जोरात आत घुसते, पण सहा तासांनी त्यातलं बरंचसं पाणी ओहोटीबरोबर परत. वेग भरपूर, अदलाबदल थोडकी.

इस्तंबूलजवळच्या बॉस्फरसमध्ये वरून एकच प्रवाह दिसतो, काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे. खाली पाणी उलटं वाहतं हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक होतं. १६७९-८०च्या सुमारास लुईजी मार्सिली या विशीतल्या इटालियनाने त्याचा छडा लावला. वजन लावलेल्या दोरीला पांढरी रंगवलेली बुचं बांधून ती खाली सोडली, तर वरची बुचं मार्माराकडे गेली आणि खोलातली काळ्या समुद्राकडे वळली. दिशा कळली, पाणी किती, हे सांगायला ती दोरी तोकडीच.

ते मीठ सांगतं. काळ्या समुद्रातलं एकूण मीठ वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं, म्हणजे जितकं बाहेर जातं तितकंच आत यायला हवं. बाहेर जाणाऱ्या पाण्यात किलोमागे सुमारे १८ ग्रॅम मीठ, आत येणाऱ्यात जवळजवळ दुप्पट. म्हणून आत येणारं पाणी निम्मं: वर्षाला ढोबळमानाने ६०० घन किलोमीटर बाहेर, ३०० आत. मधला फरक डॅन्यूब, नीपर या नद्यांचा आणि पावसाचा, बाष्पीभवन वजा जाता. हा हिशेब डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेनने १९०० साली सूत्रात बसवला. मला तो कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आवडतो.

जिब्राल्टरला मात्र तो अडखळतो. अटलांटिकचं पाणी वरून भूमध्य समुद्रात येतं, जास्त खारट पाणी खालून बाहेर पडतं. पण क्षारता, म्हणजे किलोमागे मिठाचे ग्रॅम, ३६ आणि ३८ च्या आसपास, फरक जेमतेम. सेकंदाला सुमारे ८ लाख घनमीटर आत, त्याहून पाच-सहा टक्के कमी बाहेर. मोजणीत पाच टक्के चूक झाली की निव्वळ प्रवाहाचा, म्हणजे आत वजा बाहेर, आकडाच बुडाला! त्यातून कामारिनाल उंबरठ्यावर, म्हणजे तिथल्या तळाच्या उंचवट्यावर, भरती-ओहोटीचा जोर इतका की प्रवाह काही तास चक्क उलटा फिरतो. एका दुपारी बोटीवरून घेतलेलं माप म्हणून निरुपयोगी. निदान उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) दोन्ही पकडायला हवेत. त्यासाठी तळाला नांगरलेलं, ध्वनिलहरींनी थराथराचा वेग टिपणारं डॉप्लर यंत्र महिनोन्‌महिने पाण्यात ठेवतात. तेही अगदी पृष्ठभागालगतचा थर नीट वाचू शकत नाही. मग निव्वळ आकड्यासाठी पुन्हा बाष्पीभवन, पाऊस आणि नद्यांची बेरीज-वजाबाकी करावी लागते.