खंडित सामना, टेनिसमधील

पाऊस, अंधार, अति उष्मा किंवा तत्सम कारणाने टेनिसचा सामना मध्येच थांबवणे आणि पुढे त्याच स्थितीतून तो पूर्ण करणे. टेनिसला घड्याळ नाही; सामना शेवटचा गुण जिंकल्यावरच संपतो. त्यामुळे क्रिकेटप्रमाणे षटके कापून सुधारित लक्ष्य देण्याची गरज येथे पडत नाही. थांबताना तिसऱ्या सेटमध्ये गेम ४-२ आणि चालू गेममध्ये गुण ३०-१५ अशी स्थिती असेल, तर दुसऱ्या दिवशी पंच तेच आकडे पुकारतात. गुणफलकाला कोणी हात लावत नाही. नियम झटतात ते त्याभोवतीची परिस्थिती जशीच्या तशी परत आणण्यासाठी.

व्यत्ययाचे सर्वांत लहान रूप म्हणजे लेट. शेजारच्या कोर्टवरून चेंडू घरंगळत आला की पंच लेट पुकारतात व गुण पुन्हा खेळवला जातो. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून योग्य चौकोनात पडला, तर तेवढी सर्व्हिस पुन्हा होते. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो जाळीसाठी असलेल्या ‘फिले’ या फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश होय. लॉन टेनिसचा पूर्वज फ्रान्समधला असल्याने हे मत आकर्षक वाटते. पण जाळीशी संबंध नसलेल्या व्यत्ययांनाही लेटच का म्हणतात आणि स्क्वॉशसारख्या जाळीविना खेळल्या जाणाऱ्या खेळात हा शब्द कसा आला, याचा उलगडा त्यातून होत नाही. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ अडवणे, खोळंबा करणे या अर्थाच्या ‘लेट्टन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदात आहे. ब्रिटिश पासपोर्टवरील ‘विदाउट लेट ऑर हिन्ड्रन्स’ या शब्दप्रयोगात तो अर्थ अजून टिकून आहे. हे मत अधिक ग्राह्य दिसते. उशीर या अर्थाचा ‘लेट’ही त्याच कुळातला, तेव्हा मराठी वाचकाने या शब्दाचा अर्थ उशीर असा घेतला, तरी तो मुळापासून फार लांब गेला असे नाही.

सामना पुढे ढकलण्याची प्रथा लॉन टेनिसइतकीच जुनी असावी. १८७७ च्या पहिल्याच विम्बल्डन स्पर्धेचा अंतिम सामना १६ जुलैला ठरला होता. पावसामुळे तो १९ जुलैला झाला व स्पेन्सर गोर याने विल्यम मार्शल याला ६-१, ६-२, ६-४ असे हरवले. त्याआधी ईटन व हॅरो या इंग्लिश शाळांमधील क्रिकेट सामन्यासाठीही स्पर्धा थांबवली होती. हा खंड मात्र हवामानाच्या नावावर टाकता येत नाही.

खेळ थांबवताना खुर्चीवरील पंच वेळ, गुण, गेम व सेटची स्थिती, सर्व्हिस कोणाची आणि कोण कोणत्या बाजूला होता हे टिपून घेतात आणि वापरातले सर्व चेंडू ताब्यात घेतात. सामना त्या दिवसापुरता रद्द करायचा की वाट पाहायची, हे रेफरी, म्हणजे संपूर्ण स्पर्धेचे प्रमुख अधिकारी, ठरवतात. पुन्हा सुरुवात करताना सरावाला किती वेळ द्यायचा, हे खंड किती लांबला यावर अवलंबून असते. पंधरा मिनिटांच्या आतला खंड असेल तर सराव नाही, पंधरा ते तीस मिनिटांसाठी तीन मिनिटे आणि त्याहून अधिक असल्यास पाच मिनिटे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हा सराव वेगळ्या चेंडूंनी होतो व त्यानंतर ताब्यात घेतलेले चेंडू परत येतात. फटक्यांनी चेंडूवरची लोकर फुगते व त्याचा वेग घटतो, म्हणून ही काळजी. मोठ्या स्पर्धांत पहिली चेंडूबदली सात गेमनंतर आणि पुढच्या नऊ-नऊ गेमनंतर होते, कारण सुरुवातीचा सराव दोन गेमच्या झिजेइतका धरला जातो.

अंधारासाठी नियम थोडा वेगळा आहे. पाऊस कोणत्याही गुणावर येतो. २००८ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात नदाल व फेडरर पाचव्या सेटमध्ये गेम २-२ आणि गुण ड्यूसवर (४०-४० अशा बरोबरीत) असताना तो आला. अंधार मात्र सांगून येतो, म्हणून शक्यतो सेट संपल्यावर किंवा चालू सेटमध्ये सम संख्येने गेम झाल्यावर खेळ थांबवतात, म्हणजे दोघांच्या सर्व्हिसची संख्या सारखी राहते. २०१० च्या विम्बल्डनमधील इस्नर-माहू सामन्यात हे दोन्ही प्रकार दिसले. पहिल्या संध्याकाळी तो चौथा सेट संपल्यावर थांबला, दुसऱ्या संध्याकाळी पाचव्या सेटमध्ये ५९-५९ वर. तिसऱ्या दिवशी इस्नर ७०-६८ असा जिंकला. एकूण खेळ ११ तास ५ मिनिटे झाला.

सरकत्या छतांमुळे पावसाचे खंड कमी झाले, पण नवा प्रश्न उभा राहिला. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर २००९ पासून छत आहे आणि स्थानिक प्रशासनाच्या अटीनुसार रात्री अकराला खेळ थांबवावा लागतो. २०१८ चा जोकोविच-नदाल उपांत्य सामना त्याआधीचा सामना साडेसहा तासांवर लांबल्याने रात्री आठनंतर छताखाली सुरू झाला आणि अकराला थांबला. दुसऱ्या दिवशी ऊन होते, तरी छत बंदच राहिले. छताखाली सुरू झालेला सामना दोघांचे एकमत असल्याशिवाय उघड्यावर आणता येत नाही आणि तसे एकमत झाले नाही. टीका झाली, पण नियमामागचे तत्त्व पाहता निर्णय सुसंगतच म्हणावा लागेल.

खंडाचा लाभ कोणाला होतो हे ठामपणे सांगता येत नाही. २००१ च्या विम्बल्डनमध्ये इव्हानिसेविचविरुद्ध तिसरा सेट ६-० असा जिंकून चौथ्यात २-१ ने पुढे असलेला हेन्मन पावसानंतर हरला. तीन दिवस चाललेल्या या उपांत्य सामन्याचे उदाहरण वारंवार दिले जाते, परंतु एका सामन्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. उष्म्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये २०१९ पासून पाच अंकांपर्यंतची मोजपट्टी असून, पाचव्या अंकाला उघड्यावरचा खेळ थांबवतात.

पंच नसलेल्या सामन्यात खंडानंतर गुणांविषयी वाद झाल्यास, दोघांना मान्य असलेले गुण कायम राहतात व वादातले तेवढेच पुन्हा खेळले जातात. स्थिती ४०-३० की ३०-४० (पहिल्या गुणाला १५, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४० म्हणतात) हे आठवत नसेल आणि मतभेद फक्त पहिल्या गुणापुरता असेल, तर खेळ ३०-३० वरून सुरू होतो.