आडनाव पोर्तुगीज, पूर्वज कुठले?
वसई, मुंबई आणि गोव्यातल्या ग्राहकांसाठी वंशशोधाचं माहितीपत्रक

परेरा, डिसोझा, रॉड्रिग्ज अशा आडनावावरून थेट लिस्बन गाठायची घाई करू नका. पोर्तुगीज अमलात, म्हणजे वसईत १५३४ ते १७३९ आणि गोव्यात १५१० पासून, बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मबापाचं आडनाव मिळायचं. त्यामुळे एका गावात रक्ताचं नातं नसलेली घरंही एकाच आडनावाची झाली. बहुतेकांचे पूर्वज इथलेच निघतात.

शोध आजपासून मागे जातो. येताना आईवडील व आजीआजोबांचे दाखले आणा. नसतील तर चर्चचं नाव आणि अंदाजे वर्ष सांगा. आम्ही आधी लग्नाची नोंद काढतो, कारण त्यात सहसा दोन्हीकडचे आईबाप आणि त्यांचं गाव असतं. गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासूनची. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. मुंबईत पद्रुआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची चर्चेस) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या हाताखालची) अशी दोन अधिकारक्षेत्रं १९२८ पर्यंत होती, म्हणून एका चर्चमध्ये नाव नसेल तर शेजारच्याही वह्या पाहाव्या लागतात. वसईत १७३९ पूर्वीची नोंद मिळेल, ही आशा फारशी धरू नका.

सगळ्यात जास्त चुका वाचनात होतात. वहीतलं ‘रोईझ’ हे वेगळं आडनाव नव्हे, रॉड्रिग्जचंच आखूड रूप. महिन्याच्या जागी ‘७ब्रो’ दिसलं की लोक जुलै लिहून मोकळे होतात, तो सप्टेंबर (पोर्तुगीज ‘सेतेंब्रो’, त्यातलं ‘सेते’ म्हणजे सात). ‘८ब्रो’ म्हणजे ऑक्टोबर. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असली तरी दचकू नका, एखादा आईचंही लावायचा.

युरोपीय पूर्वजाचा पुरावा म्हणजे बापाच्या नावापुढे पोर्तुगालमधलं जन्मगाव, किंवा जुन्या कागदांत ‘रेइनोल’ (पोर्तुगालात जन्मलेला), ‘कास्तिसो’ (युरोपीय आईबापांचा, पण जन्म भारतात) असा शेरा. तो सापडला तरच लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात जाण्यात अर्थ आहे. तिथले बरेच कागद घरबसल्या फुकट पाहता येतात. उलट, गोव्यात कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) वहीत तुमच्या घराचा वांगड (कूळ) मिळाला, तर पितृवंश गांवकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा समजा.

आडनाव इंग्रजी असेल तर वाट वेगळी. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न व दफनाच्या नोंदी १७०९ पासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या नकला आहेत, तेव्हा स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी शोधा.

डीएनए चाचणीची पुष्कळ विचारणा होते. दहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १०२४ भागांत १ असतो, त्यामुळे साध्या चाचणीत तो दिसेलच असं नाही. फक्त बाप-मुलगा अशी सरळ ओळ तपासायची असेल तर घरातल्या पुरुषाची वाय-डीएनए चाचणी करा, पण कागद पाहून झाल्यावर.